ऑर्गनचे सूर आणि ओली राख

काल नातीने मोबाइलवर चर्चमधल्या ऑर्गनची एक जर्मन रचना लावली, अठराव्या शतकातली. ते जड, खर्जातले सूर आले आणि माझ्या हाताने आपोआप गॅस बंद केला. नाकात ओल्या राखेचा वास शिरला.

पासष्ट साली लढाई चालू होती. यजमान सीमेवर, मी आणि सासूबाई गावी, देऊळगाव राजाला. सकाळी भाकरी थापताना रेडिओवर हेच सूर लागले. आदल्या वर्षी पंतप्रधान गेले, तेव्हा रेडिओ दिवसभर असाच रडला होता. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"कोणी तरी गेलं वं. चूल इझव."

मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही. मी तांब्याभर पाणी ओतलं, त्यांनी रेडिओ बंद केला. बातम्या ऐकायची दोघींचीही हिंमत झाली नाही. भाकरी तव्यावर अर्धकच्चीच राहिली. यजमान सुखरूप असल्याचं त्यांच्या हातचं पत्र यायला अकरा दिवस लागले.

"आजी, गॅस काऊन बंद केला?" नातीने विचारलं.

मी तिला गप्प केलं. सूर हळूहळू वर चढत होते, शेवटी तर उजाडल्यासारखे मोकळे झाले. इतकी वर्षं मी ते मरणाचे समजत होते. आम्ही फक्त शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.