सामानाजवळ बसणारी

आमच्या घरची सहल कुठेही निघो, एक माणूस सामानाजवळ बसतं. हा नियम कुणी केलेला नाही, पण देवाधर्माच्या नियमांहून कडक आहे. आणि ते माणूस कित्येक वर्षांपासून मी आहे. लोणारला सगळे खाली सरोवरापर्यंत उतरले, मी वर काठावर पिशव्या राखत बसले. तिथलं पाणी कसं दिसतं ते मला फोटोत दाखवलं.

मी लग्न केलं नाही. खामगावला धाकट्या भावाकडे राहते, शाळेत कारकुनी करते. भाऊ चांगला, भावजय चांगली, त्यांची दोन लेकरं माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. जिच्यावर राग काढावा अशी एकही व्यक्ती घरात नाही, हीच माझी मोठी अडचण आहे.

दिवाळीच्या सुट्टीत बुलढाण्याकडचं एक छोटं संग्रहालय आणि तारामंडल पाहायचं ठरलं. या वेळी मला जायचंच होतं. लहानपणी गच्चीवर झोपताना मी भावाला आकाशातली बाज दाखवायची. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. आता गावात दिवे इतके झाले, की गच्चीवरून ना बाज दिसते ना चोर. भाचीने त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. तारामंडलात तिच्या शेजारी बसायचं आणि अंधारात तिचं बोट धरून ती बाज दाखवायची, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. या आनंदात पहाटे उठून दशम्या केल्या, चटणी कुटली. एसटीत घाट चढताना लेकरांपेक्षा मीच जास्त बडबड केली.

संग्रहालयात जुन्या मूर्ती होत्या, तलवारी होत्या, नाणी होती. भाचा सगळ्यांपुढून पळत गेला, आम्ही त्याच्या मागे. मग तारामंडलाच्या दाराशी पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"पिशव्या अंदर नाही चालत. बाहेरच ठेवा लागते."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. त्यात वाईट काही नव्हतं, नुसती सवय होती.

"ताई, तुम्ही बसता का अथी?" भावजय म्हणाली. "तशीबी वर पाह्यलं की तुमची मान दुखते."

"हाव, बसते की," मी म्हणाले. माझी जीभही त्यांच्याइतकीच सवयीची. मग दाराबाहेरच्या बाकावर चार पिशव्यांच्या मधोमध बसून मी मनातल्या मनात सगळ्यांना, आणि सगळ्यात जास्त स्वतःला, शिव्या घातल्या.

खेळ सुटला. भाची धावत आली. "आत्या, आपण खुर्चीतून वरतं आभाळात पडून राह्यलो असं वाटते! मी बसते सामानाजवळ, तू जाय ना!" भावानेही लगेच तिकीट काढून आणलं. नाही कशी म्हणणार?

आत एका शाळेची सहल भरली होती. मला कडेची खुर्ची मिळाली, शेजारची रिकामी. दिवे गेले आणि डोक्यावर इतके तारे उगवले, की मी "अगं बाई" असं मोठ्याने म्हणाले. कुणी वळून पाहिलं नाही. पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती, हे बघ, ते बघ. मग बाज दिसली. तिचे तिन्ही चोरसुद्धा. माझं बोट उचललं गेलं आणि तसंच अंधारात राहिलं. इतकं एकटं मला रिकाम्या घरातही कधी वाटलेलं नाही.

बाहेर आले तर लेकरांना भूक लागली म्हणून सगळ्यांची जेवणं झाली होती. माझ्या दशम्या भावजयीने आठवणीने झाकून ठेवल्या होत्या. मी खाल्ल्या.

परतीच्या एसटीत भाऊ माझ्या शेजारी बसला. "मजा आली ना, ताई?"

काय झालं कोण जाणे, पण मी बोलून गेले. "मले तुमच्यासोबत बसून पाह्यचं होतं."

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग हसला. "आता वं! सांगायचं ना मंग. आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

नसतंच म्हटलं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग भावाने काय करावं? त्याच्या दृष्टीने गोष्ट मिटली होती. थोड्या वेळाने तो बसल्या बसल्या झोपीही गेला. मी घाटातल्या झाडांकडे तोंड करून डोळे पुसले.

सांगायचं, म्हणे. जागा सांगून मागता येते. ती तर त्याने लगेच दिली असती. पण दाराशी उभं असताना, मी काही बोलायच्या आत, त्यातल्या एकाने तरी "ताई आत कुठे बसणार?" असं म्हणावं, हे मी कुणाला आणि कसं सांगायचं?