बंड्यांचे वार ठरवणारा माणूस

उत्तमसिंगाच्या वाडवडिलांनी बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. त्यामुळे महागावच्या कापसातली सरकी काढायच्या जिनात मुकादम झाल्यावर फाटकाशी कापसाच्या बंड्यांची झुंबड पाहून त्याचं डोकंच फिरायचं. एक दिवस ताटकळलेले बैल अन् भांडणारे गाडीवान, दुसऱ्या दिवशी यंत्रं थंड. त्यानं फक्कड तोड काढली: प्रत्येक गावाला आपला वार. १९६०च्या हंगामात ती सपशेल आपटली. फुलसावंगीच्या सोमवारी एक बंडी फिरकली नाही, बुधवारी सगळ्या एकदम हजर. जिनाचे मालक शेठ म्हणाले, "अजून एक हंगाम देतो. नाही जमलं तर गुंडाळ तुझे वार."

वार गुंडाळायचे या कल्पनेनंच उत्तमसिंग झुरणीला लागला. माणसं आडमुठी आहेत, असं त्यानं ठरवून टाकलं.

उन्हाळ्यात नागपूरच्या कॉलेजातून नलूताई नावाच्या बाई जिनात आल्या. चांगल्या योजना प्रत्यक्षात कुठं अडतात, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. उत्तमसिंगाला हसूच आलं. "बाई, आपटलो मी. त्याचा अभ्यास करून तुमाले काय भेटते?"

"बरीच जिनं हिंडले मी," नलूताई म्हणाल्या. "हिशेब बहुतेक ठिकाणी बरोबर असतो. पण ज्याला आपलं काम बदलावं लागतं, त्यालाच कुणी विचारलेलं नसतं. तुम्ही कुणाला विचारलंत?"

"गाडीवानाइले. सारे हो म्हनले."

"बंडी भरते कधी?"

"वेचनी झाली का."

"वेचणीचा दिवस गाडीवान ठरवतात?"

वेचणीचा दिवस तर बाया ठरवतात, हे उत्तमसिंगाला आत्ता सुचलं. फुलसावंगीजवळच्या तांड्यातल्या वेचणाऱ्या बायांची म्होरकी होती मानीबाई, त्याची स्वतःची बायको! त्यानं तडक सायकल हाणत घर गाठलं.

"सोमवारी कापूस काहून येत नाही?"

"सोमवारी आमी वेचाले लागतो," भाकरी थापताना मानीबाई म्हणाली. "मंगळवारी सरते. मंग बंडी बुधवारीच भरन ना."

"मले कायले नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कधी?"

उत्तमसिंगाला इतका आनंद झाला की रागवायचंही तो विसरला. माणसं आडमुठी नव्हती आणि त्याचा हिशेबही खोटा नव्हता! मग काय, गडी गावोगाव वेचणाऱ्या बायांना विचारत सुटला आणि त्यांच्या सोयीनं सगळे वार फिरवले.

हंगाम आला. बुधवारी उजाडताच रस्त्यावर बंड्या दिसल्या, फुलसावंगीच्या आणि फक्त फुलसावंगीच्या. दुपारपर्यंत त्या रिकाम्या होऊन परतल्याही. यंत्रं धडधडत होती आणि उत्तमसिंग फाटकावर नुसता नाचायचा बाकी होता. आठवडाभर प्रत्येक गावाचं हेच चाललं, तेव्हा शेठनं त्याला सगळ्यांदेखत पेढीवर बोलावलं.

"पुढच्या सालीही तुझेच वार. कबूल?"

चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती.

"मानीबाईले इचारतो," उत्तमसिंग म्हणाला, "मंग सांगतो."