पत्र्यांवरचे दगड

त्या विमेवाल्या बाईला मी हाकलून दिले, असे आमच्या गावात सांगतात. हे धादांत खोटे आहे. ती स्वतःच्या मर्जीने परत गेली.

आदल्या दिवशी दुसऱ्या कंपनीच्या गृहस्थाने चहा घेतला, घराची स्तुती केली आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. या बाईने चहा नाकारून शिडी मागितली. वळवाचा वारा सुटलेला असताना ती पदर खोचून वर चढली आणि पत्र्यांवरचे दगड एकेक हलवून पाहू लागली. पत्रे तिच्या पायांखाली थडथडत होते. खाली माझी सून नातीला कवटाळून उभी होती.

“पत्रे नुसत्या दगडांवरच हायेत व्हय, बाबा?”

“वडिलांपासून असेच आहेत. एकही उडालेला नाही!”

“उडाला, तर कंपनी दगडांकडं बोट दाखवंल अन् तुमी मला शिव्या द्याल. आधी नटबोल्टानं आवळा. तवर मी इमा देत न्हाई.”

आता पत्रे आवळले आहेत. काढलेले दगड तिच्या नजरेस पडावेत म्हणून अंगणातच रचले आहेत. त्या गृहस्थाचा कागद मी कोराच परत केला. आभाळ रोज भरून येते आणि मी रस्त्याकडे पाहत बसतो. कोणती कंपनी निवडली, असे लोक खवचटपणे विचारतात. ती बाई ज्या कंपनीची, ती!