फाटकाबाहेरचा भाऊ

दफनभूमीच्या फाटकाबाहेर याकोबचा धाकटा भाऊ मुठीत माती घेऊन उभा होता. आत त्यांच्या आईची शवपेटी खड्ड्यात उतरवलेली. मी त्या चर्चच्या मंडळीत नवा पाळक, आणि हा माझा पहिलाच अंत्यविधी.

"तो आत आला तर मी निघून जाईन," याकोब म्हणाला.

चर्चच्या पंचांपैकी एक जण हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही प्रार्थना उरका. घरच्या भांडणात पडू नका."

मी पुस्तक उघडलं. शब्द पाठ होते, पण नजर फाटकाकडे गेली. देवाने मला नेमकं कशासाठी बोलावलं, हा प्रश्न कित्येक दिवस छळत होता. उत्तर उपदेश करताना मिळेल असं वाटायचं. आता त्या मुठीकडे पाहताना जाणवलं, गेलेल्या आईला प्रार्थनेची घाई नव्हती. घाई आम्हा जिवंतांनाच होती.

मी पुस्तक मिटलं, फाटकापाशी गेलो आणि धाकट्याला हात धरून आत आणलं. याकोबने तोंड फिरवलं, पण तो गेला नाही.

माती टाकायला वाकताना धाकट्याचा तोल गेला, तेव्हा याकोबनेच त्याचा दंड पकडला. प्रार्थना संपेपर्यंत त्याने तो सोडला नाही.