गुरुवारच्या गृहभेटी

आमच्या आरोग्य केंद्राच्या अहवालात 'भेट दिली' एवढंच लिहायला जागा असते. त्या घरी काय झालं, कोण काय बोललं, ते सगळं गाडीतच राहतं. दर गुरुवारी भोकरहून निघायचं, अंथरुणाला खिळलेल्या आणि एकट्या माणसांच्या घरी जाऊन यायचं. परतीच्या वाटेवर प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतंच.

गाडीत आम्ही तिघं. मी नर्स. शाहीन आपा बाजारात शिवणकाम करतात. कांबळे गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. ही दोघं एका सेवाभावी संस्थेचे स्वयंसेवक. डॉक्टर मॅडम मागे दवाखाना सांभाळतात.

आधी आम्ही असे एकत्र जात नव्हतो. सोमवारी मी बीपी बघायला जायची, बुधवारी पेन्शनच्या कागदांसाठी कुणी यायचं, शुक्रवारी संस्थेचे लोक. एका म्हातारीनं मला चहा दिला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही समदे एकदाच या की. मी च्या तर एकदाच करीन."

मी ते बाकीच्यांना सांगितलं आणि आम्ही एकत्र निघायला लागलो. पुढे लातूरला प्रशिक्षण होतं. सरांनी पडद्यावर एकात एक गुंतलेली वर्तुळं दाखवली आणि विचारलं, "एकात्मिक सेवा म्हणजे नेमकं काय?"

शाहीन आपांनी हात वर केला. "च्या एकदाच करायचा."

सगळा हॉल त्यांच्याकडे बघत राहिला. गुरुजींनी मात्र ते वहीत लिहून घेतलं.

* * *

गंगाबाईंची साखर काही केल्या उतरेना. गोळ्या वेळेवर, भाकरी मोजून, तरी गुरुवारी मशीन लावलं की आकडा वरच. गोळी बदलून झाली. मॅडमना काळजी लागली, आता इन्शुलिन सुरू करावं लागणार.

एका गुरुवारी गुरुजी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांना गंगाबाईंच्या पदराच्या गाठीवर मुंग्या दिसल्या.

"गंगाबाई, काय बांधलंय?"

"गूळ हाय."

"तुम्ही गूळ खाता?"

"रोज न्हाई. तुम्ही यायच्या दिवशीच."

गुरुजींना कळेना. तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "साखर उतरली की म्हैन्यातून एकदाच येता म्हणं तुम्ही."

आमचा नियम तसाच होता. ज्याची साखर आटोक्यात, त्याच्याकडे महिन्यातून एकदा.

मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी केसपेपर मागून घेतला आणि गोळ्यांच्या खाली लिहिलं, 'गुरुजींची भेट, आठवड्यातून एकदा, साखर कितीही असो.' गंगाबाईंनी तो कागद गुरुजींकडून दोनदा वाचून घेतला.

इन्शुलिन लागलं नाही.

* * *

उमरीकडच्या एका गावात दिगंबर म्हणून गवंडी आहेत. लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. व्यायामानं हातापायात पुष्कळ ताकद आली, आधार धरून उभे राहता यायला लागलं, तेव्हा संस्थेनं वॉकर दिला. पण माणूस बाजेवरून उठेना. ज्यानं अर्ध्या गावाची घरं बांधली, त्यानं गावासमोर लोखंडी दांड्या धरून चालायचं, हे त्यांना सोसत नव्हतं.

पुढच्या वेळी गेलो तर वॉकरवर ओली लुगडी वाळत घातलेली. बायको ओशाळली. "काय करू बाई, नुसता पडून व्हता."

आपा दिगंबरभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, आता तुमच्या नावाचा आधार कपडे घेऊन राहिले बघा."

भाऊंनी भिंतीकडे तोंड केलं. परतताना गाडीत आपांनी विचारलं, "लई लागलं असंल का हो त्यांना?"

नंतरच्या दोन गुरुवारी भाऊंनी आमच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या गुरुवारी आम्ही दारात पोचलो तर अंगणात वॉकर सरकत होता. त्यावर एक लुगडं, दोन सदरे, आणि मागे घामाघूम दिगंबरभाऊ. बायको शेतात गेलेली.

आम्हाला बघून ते थांबले.

"कपड्यावर सावली आलती," म्हणाले.

* * *

सविता नवी सून. लग्नाला वर्ष झालं नाही तोच टीबी निघाला. घरच्या सगळ्यांची तपासणी केली, बाकी कुणाला नव्हता. सासू चांगली, नवरा चांगला. भीती एकच, गल्लीला कळायला नको. नणंदेची सोयरीक जमत आली होती.

मी गेले की गल्ली विचारणार, नर्स कशाला आली? तेव्हा आपा म्हणाल्या, "मी जाते. मला कोण इचारतंय?"

गळ्यात टेप, पिशवीत ब्लाउजचं कापड, आणि कापडाच्या घडीत गोळ्या. आपा आठवड्यातून तीनदा मापं घ्यायला जायला लागल्या. आत गोळी घ्यायला लावायची, वजन विचारायचं, दोन गोष्टी बोलायच्या, आणि जाताना ओट्यावरच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "बाही जरा आवळ होऊन राहिली. परत येते."

असं सहा महिने चाललं.

गल्लीला टीबी कळला नाही, पण आपांना शिवता येत नाही हे सगळ्यांना कळलं. एक बाई तोंडावर म्हणाली, "एका बिलाउजाला सहा म्हैने? कशी वो टेलरीन तुम्ही?"

"हात बसंना बाई माझा," आपा म्हणाल्या.

दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मला फार वाईट वाटलं. आपा म्हणाल्या, "गिऱ्हाईक येतंय परत. पोरीची सोयरीक मोडली तर मला शिवता येणार हाय का ती?"

नणंदेचं लग्न झालं. सविताचा कोर्स संपला, तपासणी चांगली आली. त्या दिवशी आपा पूर्ण झालेला ब्लाउज घेऊन गेल्या. सवितानं घालून बघितला तर हुकच लागेना. सहा महिन्यांत तिचं वजन चांगलं भरलं होतं.

आपांनी गळ्यातली टेप काढली आणि पहिल्यांदा तिचं खरं माप घेतलं.

* * *

गुरुजींच्या गावात दोन भाऊ आहेत, विठोबा थोरला आणि ग्यानबा धाकटा. मधे एक भिंत, आणि शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालेलं. दोघांची पोरं, सुनासुद्धा बोलत नाहीत. थोरल्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्याच महिन्यात धाकट्याचे गुडघे बसले. दोघांनाही संडासाची खुर्ची हवी, आणि संस्थेकडे शिल्लक एकच. दुसरी यायला महिना लागणार होता.

गुरुजींनी दोन्ही घरी विचारलं. थोरल्याला पहाटे लागायची, धाकट्याला आठनंतर. वेळ जमत होती, पण एका घरातून दुसऱ्या घरी खुर्ची नेणार कोण? दोन्हीकडचं कुणी उंबरा ओलांडायला तयार नव्हतं.

मग रोज सकाळी गुरुजी ती खुर्ची खांद्यावर घेऊन निघायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेलं अर्धं गाव बघत असायचं. कुणी म्हणालं, "गुरुजी, तुम्ही हे?"

"शाळेत बाकं उचलतच होतो की," गुरुजी म्हणाले.

पहिल्या दिवशी थोरल्याकडून खुर्ची तशीच, न धुता आली. धाकट्याच्या बायकोनं ती गरम पाण्यानं धुतली, वापरून झाल्यावर पुन्हा धुतली, उन्हात वाळवून परत पाठवली. दुसऱ्या दिवसापासून थोरल्याकडूनही खुर्ची धुऊन यायला लागली. एवढंच. बोलणं नाहीच.

महिन्यानं नवी खुर्ची आली. मी आणि गुरुजी ती घेऊन आधी थोरल्याकडे गेलो, वयाचा मान म्हणून. विठोबा बाजेवर बसले होते. खुर्ची हातानं चाचपून बघितली, हलवून बघितली.

"पक्की हाय," म्हणाले.

"मग इथंच ठेवतो," गुरुजी म्हणाले.

"न्हाई, ही त्याला द्या. त्या जुनीचा डावा पाय हालतोय. पडंल त्यो."