नव्या भाजीचा पहिला घास

तुम्ही कदाचित माझ्याकडून भाजी घेतलीही असेल. पावसाळ्यात टेंभी नाक्याच्या कडेला फडकं अंथरून आम्ही वारली बाया बसतो ना, टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन, त्यातली एक मी. येऊरच्या डोंगरावर आमचा पाडा. शाळेत मी गेले नाही, अक्षरं शिकले ती पोरांची पुस्तकं चुलीपुढे चाळून. त्यामुळे माझं लिहिणं बोलण्यासारखंच येतं. चालवून घ्या.

तर सांगायचं ते माझ्या सुनेचं. पहिलटकरीण, पोट चांगलं दिसायला लागलेलं. दवाखान्यातल्या सिस्टरने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, बोट टोचलं आणि माझ्याकडे वळली.

"मावशी, हिच्या अंगात रक्तच नाही. असंच राहिलं तर बाळंतपणाला जिवावर बेतेल. गोळ्या घेतेस ना गं?"

"घेते," सून म्हणाली.

"खरं सांग."

"घेतली की उलटी येते."

"उपाशीपोटी घेत असशील. जेवून घे. आणि रोज पालेभाजी खायची. भाजीवाल्यांच्या घरात भाजीला काय तोटा?"

सून माझ्याकडे बघायला लागली आणि मी जमिनीकडे.

सिस्टर चांगली बाई, पण तिला कसं सांगायचं? आमच्यात नवी रानभाजी आधी देवाची. सगळ्या पाड्याने मिळून एक दिवस हिरव्या देवापुढे, वाघदेवापुढे ती ठेवायची आणि मग तोंडाला लावायची. दिवस भगत ठरवतो, देवापुढे ठेवतोही तोच. तोवर डोंगर हिरवागार झाला तरी आपण डाळ-भात खायचा. विकायला मात्र बंदी नाही. आणि त्या वर्षी आमचा भगत मोतीबिंदू काढून शहाडला लेकीकडे बसलेला. त्याच्या येण्याचा पत्ता नाही.

बाजारातला पालक आणून बघितला मी. सुनेला त्याचा वासही सोसेना. डोहाळे लागलेले टाकळ्याचे! नाक्यावर माझ्या शेजारी बसून ती गिऱ्हाइकांना सांगायची, "ताई, लसूण चांगली लाल होऊ द्या, कांदा घाला, वरून ओलं खोबरं," आणि सांगता सांगता आवंढा गिळायची. गिऱ्हाईक भाजी घेऊन जायचं, आम्ही डोंगर चढून बटाट्याकडे.

एकदा मी हळूच म्हटलं, "खा गे चोरून. मी बघितलंच नाही."

ती घाबरली. "नको आई. पोटातल्याला वाघदेवाने धरलं तर?"

माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. तीही अशीच पिवळी पडलेली, चढण चढताना धापा टाकणारी. ते तोंड माझ्या डोळ्यापुढून जात नव्हतं. देवाचंही भय, त्या तोंडाचंही.

मग एके दिवशी भर बाजारात सून उठायला गेली आणि मटकन खाली बसली. डोळे पांढरे. माझ्या थोरल्या जावेने तिला मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला. ही जाऊ म्हणजे पाड्याची धवलेरी. आमची लग्नं धवलेरी लावते, बाईच. तिने गाणं म्हटल्याशिवाय देव मांडवात येत नाही, असं आम्ही मानतो. रीतीच्या बाबतीत तिच्याइतकी कडक कुणी नाही. चुलीपुढे चप्पल दिसली तरी दिवसभर ऐकवते. ती आता ओरडणार, मला वाटलं. पण तिने सुनेच्या तोंडात गूळ घातला आणि मला म्हणाली, "उद्या शहाडला जाऊ. टाकळा कोवळा बघून घे."

गेलो. भगत काळा चष्मा लावून गॅलरीत खुर्चीवर बसलेला, शेठासारखा. लेकीने चहा दिला. जावेने चहाला हात न लावता टाकळ्याची जुडी त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही काय गे वहिनी?"

"दिसत नाय का? मग डोळा कशाला केलास?"

तो हसला. मी सगळं सांगितलं, सुनेचं, सिस्टरचं. तो जुडी चाचपत राहिला. "डॉक्टर वाकायला नको म्हणतो. धूर नको म्हणतो. मी आता कसा येऊ? थोडं थांबा."

"भाऊ, पोटातलं थांबेल का?" जाऊ म्हणाली. "तुझं लगीन कोणी लावलं?"

"तुझ्या सासूने."

"ती बाई का बाप्या?"

"आता काय विचारतेस!"

"लग्नाला देव बाईच्या हाकेला येतो ना? मग टाकळा खायला नाय येणार? तू तोंडाने सांग, हाताने मी ठेवते."

भगताने जुडी हुंगली. मी बांगड्या फिरवत बसले. मग त्याने लेकीला विचारलं, "येऊर कुठल्या अंगाला गे?" तिलाही सांगता येईना, मग मोबाइलात बघून तिने हात केला. एका बिल्डिंगकडे. भगत खुर्चीतच तिकडे वळला, जुडी कपाळाला लावली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि ती जावेच्या हातात दिली. "बेस. देवाला सांगितलं. तू ठेव. आणि माझा वाटा पाठव, लेक नुसतं पनीर खायला घालते."

दुसऱ्या दिवशी सगळा पाडा जमला. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, पण भगताचा निरोप म्हटल्यावर बसले. जावेने पानावर भाजी-भात ठेवला, देवांना एकेकाला हाक मारली. मग रीतीप्रमाणे पहिला घास घरातल्या थोरल्याचा, म्हणजे तिचाच. तिने तो उचलला आणि सुनेपुढे धरला.

"मोठ्या आई, आधी तुम्ही..."

"तुला कोण देतंय? आतल्याला देते. आज घरातला थोरला तोच. तोंड उघड."

सुनेने तोंड उघडलं. मग जी खायला बसली म्हणता! पातेलं खरवडून खाल्लं. जेवण झाल्यावर मी पुढे केलेली गोळीही गिळली, आणि पोटात राहिली ती.

त्या दिवसापासून रोज भाजी, रोज गोळी, वर लिंबू पिळायचं, सिस्टरने सांगितलेलं. रक्त हळूहळू चढलं. सिस्टरने परत बोट टोचलं तेव्हा तिचा खुललेला चेहरा बघूनच मला रडू आलं.

नात झाली. दोघी धड. रक्ताची बाटली लागली नाही. जाऊ बघायला आली तेव्हा पोरगी तोंड वासून रडत होती. जाऊ म्हणाली, "हिला पहिल्या घासाची सवय लागली वाटतं," आणि वर्षानुवर्षं कुणाला न दिलेली एक पापी तिच्या कपाळावर दिली.