पाटावरचं रिव्हॉल्व्हर

पडदा उघडतो तेव्हा समोर एक अमेरिकन दिवाणखाना. उजवीकडे तपकिरी सोफा, डावीकडे स्वयंपाकघर आणि त्यातला हिरवट फ्रिज. मधोमध, टीव्हीपुढे, पाट मांडलेला. पाटावर मुलीची पुस्तकं, बापाचं कॅल्क्युलेटर, पान्हे, गाडीच्या किल्ल्या आणि एक रिव्हॉल्व्हर. सगळ्यांना हळदकुंकू, वर परसातली शेवंती. साल एकोणीसशे एकोणनव्वद, खंडेनवमी. नेपरव्हिलच्याही पुढचं एक लहानसं गाव.

हे घर पुरुषोत्तमचं. मूळ नागपूरचा, एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर, आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचा कायमचा प्रॉम्प्टर. देशात मी उभं आयुष्य रंगभूमीवर काढलं, पण इतका चोख प्रॉम्प्टर मला कधी मिळाला नाही. सगळ्यांच्या भूमिका त्याला पाठ, पण लोकांपुढे यायचं नाव नको. एकदा त्याला एका वाक्याचा नोकर दिला, तर दोन दिवस ताप आला.

माणूस सावध. गाडी सुरू करण्याआधी मागे बसलेल्यांचेही पट्टे ओढून बघायचा. शेजारी घरफोडी झाली तेव्हा त्याने रिव्हॉल्व्हर घेतलं आणि भरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. चोर समोर उभा असताना गोळ्या कुठे शोधत बसायचं, असं त्याचं म्हणणं.

त्या शरदात गावात एक नियम येऊ घातला होता. भरलेली बंदूक मुलांच्या हाती लागली, तर आईबापांवर खटला. फ्लॉरिडात त्याच वर्षी तसा कायदा झाला होता. पुरुषोत्तमला हे पटत नव्हतं. ज्या बापाच्या घरात असं काही घडलं, त्याला कोर्टाने आणखी कसली शिक्षा द्यायची, असं तो गणपतीच्या पॉटलकला, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेल्या जेवणात, म्हणाला. आम्ही माना डोलावल्या. पुरणपोळीही चांगली झाली होती.

त्याचे वडील नागपुरात फौजदार होते. दर खंडेनवमीला त्यांचं सरकारी रिव्हॉल्व्हर पाटावर असायचं. पुरुषोत्तमने तेच केलं. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, हेही पाळलं. वडील पूजेआधी गोळ्या काढून घेत, एवढं मात्र त्याने लहानपणी पाहिलं नव्हतं. ते आईने फोनवर सांगितलं. नंतर.

त्या खंडेनवमीला सोमवार होता, शाळांना सुट्टी होती. विवेक आणि रेखा या मित्रांची मुलगी सीमा खेळायला आली होती. पुरुषोत्तम आणि त्याची बायको कांचन वरच्या मजल्यावर होते. खाली त्यांच्या दीपाने फुलं बाजूला केली आणि रिव्हॉल्व्हर उचललं. गोळी फ्रिजच्या दारातून श्रीखंडाच्या पातेल्यात गेली. सीमा दारापासून वीतभर अंतरावर उभी होती. दोघं धावत खाली आले तेव्हा तिने विचारलं, "कॅन वी स्टिल ईट इट?"

पोलीस आला. हळदकुंकवाबद्दल त्याने अदबीने चौकशी केली. फ्रिज पाहिला. मग तुम्ही नशीबवान आहात म्हणाला, तुमच्यावर लावावा असा कुठलाही कायदा इथे नाही म्हणाला, आणि रिव्हॉल्व्हर परत देऊन गेला.

संध्याकाळी पुरुषोत्तम विवेककडे गेला. शिव्या खायच्या तयारीने गेला होता. "जाऊ दे यार, अ‍ॅक्सिडेंट आहे," विवेक म्हणाला. रेखाने चहा दिला. त्यानंतर सीमा कधी त्याच्या घरी आली नाही. त्याबद्दलही कोणी काही बोललं नाही. मंडळात जो तो त्याला धीर देत होता. रागवायला कोणीच तयार होईना, आणि माणूस वाळत चालला.

नियमावर जाहीर सुनावणी ठरली, तेव्हा त्याने बोलायचं ठरवलं. कांचन घाबरली. डिसेंबरात दोघांची नागरिकत्वाची मुलाखत होती आणि गावचं वर्तमानपत्र सुनावणीतला शब्द न् शब्द छापत असे.

"अहो, बोलायचं तर बोला," ती म्हणाली. "पण नाव नका सांगू. एक रहिवासी म्हणा."

"बघतो."

सभागृहात मी कांचनशेजारी बसलो होतो. पुरुषोत्तम माइकपुढे उभा राहिला आणि इतक्या हळू बोलू लागला, की अध्यक्षांनी त्याला दोनदा थांबवून माइक जवळ घ्यायला लावला. मग त्याने सगळं सांगितलं. पाट, फुलं, गोळ्या, सीमा कुठे उभी होती ते. मध्ये एकदा तो अडला. मी सवयीने विंगेकडे पाहिलं. तिथे एक झेंडा होता.

अध्यक्ष भला गृहस्थ. म्हणाला, हा अपघात होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घरात लहान मूल आहे, तेव्हा हवं तर नोंदीत नुसतं एक रहिवासी असं लिहू. कांचनने माझं मनगट धरलं.

पुरुषोत्तम इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगतो. "अपघात नाही, सर. ते मी भरलं आणि मीच खाली आणून ठेवलं. माझं पूर्ण नाव लिहा."